सांबरांसाठी पंधरा किलो मीठ

बाबांना एकदा त्यांच्या जंगलात फिरवून आण, असं भाऊ तीन हिवाळे सांगत होता. भाऊ पुण्यात असतो, त्यामुळे त्याला सांगायला सोपं. इथे मी, माझी नोकरी, आठ वर्षं जुनी गाडी आणि त्र्याऐंशी वर्षांचे बाबा. या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच निकाल लावला. बाबांचा उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "जो देखना है, इसी साल देख लीजिए."

आम्ही भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलो. बाबा आणि दाणी काका कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे विभागात होते, आणि कायद्याने बंदी येईपर्यंत दोघांकडे शिकारीचा परवाना होता. आता दोघं संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसून सांबरं का कमी झाली यावर भांडतात. हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलंय की चहा देतादेता पुढचं वाक्य मीच बोलू शकेन.

"वाघ वाढवले न बाप्पा, मग सांबर कुठून राहील?" हे दाणी काका. ते नागपूरचे.

"वाघ आपल्या वेळीही होते. जंगल खात्याला गवत राखता येत नाही, हे बोल."

"आपण मारत होतो तेव्हा जास्त होते. मारणारे गेले, अन् सांबरंही गेली. घ्या आता."

आणि मग दोघांचं एकमत होतं ते नियमांवर. मादीवर बंदूक धरायची नाही, पूर्ण शिंगांचाच नर घ्यायचा, आणि मिठावर कधीही बसायचं नाही. सांबराला मिठाची ओढ फार. नाल्याकाठच्या मातीत खडेमीठ कालवून ठेवलं की कळप त्या भागात टिकून राहतो. ते चाटायला आलेल्या जनावराला मारणं म्हणजे जेवायला बोलावून मारणं, असं बाबा म्हणत. शिकार पायी, दूर कुठेतरी. अशा मिठाच्या जागा बाबांनी तीन केल्या होत्या, काकांनी दोन.

बंदी आल्यावर बंदूक जमा केली, पण मीठ बाबांनी थांबवलं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर एक गोणी बसने त्यांच्या जुन्या वाटाड्याला, फग्गूला जायची. मी बंदीनंतर जन्मले. त्यामुळे मला बाबा शिकारी म्हणून माहीतच नाहीत, मीठ पाठवणारे म्हणून माहीत आहेत. "जेवढी घेतली, त्याहून जास्त जगवली असतील," असं ते एकदा आईला म्हणाले होते. मला वाटतं, या हिशेबावर त्यांना शांत झोप लागत असे.

"माझ्या मिठावर सांबर येतं का, एवढं एकदा बघायचंय," ते म्हणाले. मग मी करोंदच्या बाजारातून पंधरा किलो खडेमीठ आणलं आणि रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: होशंगाबाद रोडने ओबेदुल्लागंजपर्यंत रस्ता सुरेख आहे. तिथे स्टँडजवळ पोहे-जलेबी खाऊन घ्या, पुढे नीट काही मिळत नाही. नंतर डावीकडे वळलं की शेवटचे वीस किलोमीटर हाडं खिळखिळी करतात, तासाहून जास्त धरा. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. बाबा अर्धा रस्ता झोपले. मला त्यांची मान सांभाळत गाडी चालवायची होती. सुंदर सकाळ होती म्हणे, माझं लक्ष खड्ड्यांवर होतं.

वनखात्याच्या नाक्यावर बीटगार्ड म्हणून तिशीतली एक बाई होती. पायी आत जायचं तर तिला सोबत घ्यावंच लागतं. तिने डिकी उघडायला लावली.

"बोरे में क्या है?"

"नमक," बाबा अभिमानाने म्हणाले. "सांभर के लिए."

"दादाजी, ये अंदर नहीं जाएगा."

"पचास साल से जा रहा है, बेटी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोणी गाडीतच राहिली. फग्गू नाक्यावर थांबला होता. पंचाहत्तरीचा, काटक, कानाला मफलर. बाबा त्याच्या खांद्याला हात लावून कितीतरी वेळ उभे राहिले.

नाल्यापर्यंत अर्ध्या तासाची चाल आम्हाला दीड तास लागली. वाटेत गार्ड सांगत होती, ते लोक ठरलेल्या वाटांवर लेंड्या मोजतात, खुरांच्या खुणा नोंदवतात. चितळ बरे आहेत, सांबर कमी दिसतात. का, ते तिच्या साहेबांनाही नीट कळलेलं नाही.

"घास बढ़ गई है," बाबा म्हणाले. "जलानी चाहिए."

"जलाते हैं तो लोग चिल्लाते हैं, नहीं जलाते तो आप," ती हसली.

नाल्याकाठी बाबांच्या जागांपैकी एक होती. मातीत परातीएवढा खोलगट खड्डा, जिभांनी चाटून झालेला. पण आता त्यात वाळकी पानं आणि कोळ्याचं जाळं. बाबा वाकले, हाताने चाचपत राहिले. कोरडी माती उचलून त्यांनी जिभेला लावली.

"फग्गू, इसमें तो कुछ है ही नहीं. मेरा नमक?"

फग्गूने गार्डकडे पाहिलं. मग म्हणाला, "साब, बैठ जाइए." आणि आम्ही सगळेच बसलो.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बंदीनंतर सुरुवातीची काही वर्षं तो नेमाने मीठ टाकत होता. सांबरंही नेमाने येत होती. मग बाहेरची माणसं यायला लागली. त्यांना जंगल शोधावं लागत नव्हतं. ती खड्ड्याजवळच्या झाडावर मचाण बांधून बसायची आणि मादी, पिल्लू, काही बघायची नाहीत. एका सकाळी फग्गू गोणी घेऊन आला, तर खड्ड्याभोवती चार ठिकाणी रक्त होतं.

"उस दिन के बाद मैंने नहीं डाला साब. आपका नमक मेरी भैंसें खाती रहीं."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"आप हर साल चिट्ठी में पूछते थे, सांभर आया? मैं क्या लिखता."

मला बाबांचा हात धरायचा होता, पण तो मातीने भरला होता आणि ते तो झटकत नव्हते.

परत येताना गोणी फग्गूच्या गोठ्यात उतरवली. त्याच्या सुनेने मक्याची भाकरी आणि टोमॅटोची चटणी वाढली. इतकं चविष्ट जेवण मी कितीतरी दिवसांत जेवले नव्हते आणि तसं वाटल्याची मला लाज वाटली. सांबर दिसलं नाही. सात वाजता घरी पोचलो. माझी कंबर गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा बाकावर गेले, मी मागोमाग. फग्गूची हकीकत सांगून ते दाणी काकांना विचारत होते, तुझ्या मिठाच्या दोन जागा कुठल्या, खुणेनिशी सांग.

"आता कायले उकरतं? आपण नियमानं शिकार केली."

"नियम आपल्याला माहीत होता, दाणी. मिठाला माहीत नव्हता."

काका चिडून उठून गेले. चार दिवस बाकावर आले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा नातू वहीचं पान देऊन गेला. त्यावर नाला, दोन टेकड्या, एक मोठं मोहाचं झाड, सगळं थरथरत्या रेघांत. मी बाबांच्या सांगण्यावरून गार्डबाईला पत्र लिहिलं: पाच जागा, कुणी केल्या, कशासाठी केल्या. "माझं नाव स्पष्ट लिही," बाबा म्हणाले. काकांचं लिहू का, यावर त्यांनी मान हलवली. नाही.

महिन्याने तिचा फोन आला. चार जागा बुजल्यासारख्या होत्या. पाचवी, काकांची मोहाजवळची, अजून चाटली जात होती; तिथे कुणीतरी मीठ टाकत होतं. वर ताज्या दोरीचं मचाण होतं. ते तोडलं, माती खणून काढली, आता तिथे रोज फेरी असते.

बाबांनी फोन माझ्या हातून घेतला. "खुर देखे?"

"देखे, दादाजी. सांभर के."

"छोटे भी थे?"

"थे. बड़े के साथ-साथ."

बाबांनी फोन मला दिला, चपला शोधल्या आणि मला न सांगता दाणी काकांच्या घराकडे निघाले. डावा डोळाही आता रस्ता नीट दाखवत नाही. मी दहा पावलं मागे राहून चालत होते. दाणी काकांचं दार वाजवून ते उभे राहिले. काकांनी दार उघडलं, आणि बाबा म्हणाले, "पिल्लू आहे."