पावलांची मुदत

मुदत संपलेली वस्तू माझ्या आत्याच्या तावडीतून सुटली, असं महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत आजवर घडलेलं नाही. सरकारी नर्स म्हणून तिने उभी नोकरी डोंगरातल्या वाड्यांवर काढली. खांद्याला लसींचा डबा, पायात कापडी बूट आणि तोंडात एकच प्रश्न, "तारीख बघितलीस काय?" नोकरी सुटली, प्रश्न सुटला नाही. कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी ती फडताळ उघडते. खोकल्याचं औषध, पापडखार, बिस्किटांचा पुडा, सगळ्यांची उलटतपासणी होते. माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी कौतुकाने आणलेली कोकम सरबताची बाटली तिने भर मांडवात उलटी करून वाचली आणि म्हणाली, "व्याहीबुवा, हे सरबत तुमच्या मुलाच्या आधीच वयात येऊन गेलंय." लग्न मोडलं नाही, हे व्याह्यांचे उपकार. मी पत्रकं काढणारा माणूस. खड्डे, पाणी, बंद पडलेली एसटी, कशावरही काढतो. मोर्चा झाला की उरलेला गठ्ठा ती पोलादपूरच्या तिच्या घरी न्हाणीच्या चुलीत घालते. "मोर्चा झाला ना? मग ह्याची मुदत संपली. मागणी शिल्लक असेल तर नवीन काढ." मी नवीन काढतो. मागणी नेहमीच शिल्लक असते.

आणि याच बाईच्या बुटात काय असावं? नोकरीत असताना तिची टाच इतकी धरली, की सकाळी जमिनीवर पाय टेकवताना ती भिंत धरायची. तेव्हा पनवेलच्या एका दवाखान्यात तिच्या तळव्याचा साचा घेऊन बुटात घालायचे खास सोल बनवून दिले. कमानीखाली उंचवटा, टाचेला खळगा. ती त्यांना सोल म्हणत नाही, 'पावलं' म्हणते. ती पहिल्यांदा घालून आत्या डोंगरातल्या कुडपणला गेली आणि तिथल्या मैत्रिणीच्या अंगणात फुगडी घातली. या मैत्रिणीचं घर गाडीरस्ता संपल्यावर चढणीवर, एकटं. लसीकरणाच्या फेरीत आत्याचा मुक्काम कायम तिच्या पडवीत. त्या फुगडीपासून आत्याच्या लेखी ती पावलं म्हणजे औषध नव्हे, सोबतीण.

पण सोबतीण म्हातारी होतेच. वरचं कापड सुटलं, कमान बसली, टाचेच्या खळग्याला तडा गेला. आत्याने सायकलच्या ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवले. पावसात भिजली की ती त्यांना न्हाणीच्या चुलीशेजारी सुकत ठेवायची, आणि ती पापडासारखी कडेने वळायची. मग त्यांवर पाटा ठेवायचा. सुकली की उंबऱ्यावर मांडायची, आणि तीही बोटं घराच्या आत करून. एकदा मी घाईत उलटी ठेवली, तर केवढी कडाडली! "गौरीची पावलं बाहेर जाताना काढतात काय रे? पावलं घरात येताना दिसली पाहिजेत."

"आत्या, ही अंधश्रद्धा आहे. आणि ही मुदत संपलेली आहेत."

"माझ्या मापाची आहेत ना? मग माझ्याएवढीच टिकणार."

याला म्हणतात आरोग्य खात्याची जाणकार कर्मचारी! मला संताप यायचा. कारण ती लंगडत होती. आधी तिचा बाजार बंद झाला, मग देवळाच्या पायऱ्या, आणि शेवटी कुडपण. मैत्रिणीचा फोन यायचा, आणि आत्या फोन कायम स्पीकरवर टाकते म्हणून मलाही ऐकू यायचा. "बाय, येतेस कवा गो? माजं गुडघं गेलं, मी काय आता खाली उतरत नाय. तू नाय आलीस तर आपली भेट हाय ती फोनातच."

"येणार होते गो," आत्या म्हणाली, "पण कशेडीत दरड आलीय."

 कशेडी घाट पोलादपूरच्या एका टोकाला, कुडपण दुसऱ्या; कुडपणच्या वाटेवर कशेडी लागतच नाही. ते त्या दोघींना माहीत नसेल तर कुणाला? मग मैत्रीण हळूच म्हणाली, "बरं. दरड काढली का सांग."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'जाहीर निषेध' हे मथळ्यात, खाली ट्यूबच्या तुकड्यांचा धिक्कार, चुलीचा धिक्कार, आणि शेवटी ठळक अक्षरात: 'जिने एकाही लेकराला मुदत संपलेली लस टोचली नाही, तिने स्वतःच्या टाचेवर हा अन्याय का करावा?' सकाळी तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"खाली तारीख घातली नाहीस," ती म्हणाली. "शेवटची ओळ बरी आहे. वरचं सगळं भाषण." मग एक पाऊल हातात घेऊन अंगठ्याने कमान दाबली. ती दबली ती वर आलीच नाही. आत्याने जोडी पिशवीत घातली. "चल पनवेलला."

पनवेलच्या दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं की जुन्या साच्यावरून नवीन होणार नाहीत. वयाबरोबर पाय पसरतो, म्हणून माप पुन्हा घ्यावं लागेल, आणि यापुढे वर्षातून एकदा तरी दाखवायला यायचं. "माझा पाय बदलला आणि मला कळवलं नाय?" आत्या इतक्या मनापासून रागावली की ती मुलगी हसू दाबत बाहेर गेली. मग तळव्याच्या नवीन ठशावर आत्याने आपलं जुनं पाऊल ठेवून बघितलं. कुठूनच जुळेना. "म्हणजे मी दुसऱ्याच कुणाची तरी घालून फिरत होते रे," ती पुटपुटली.

नवीन पावलं आली, थोडी थोडी करून पायात बसली, आणि पाऊस उघडल्यावर आम्ही कुडपणला गेलो. चढणीवर तिने माझा हात धरला नाही. मैत्रीण पडवीत बसूनच ओरडली, "काढली का गो दरड?" दोघी एवढ्या हसल्या की कोंबड्या उडाल्या.

निघताना आत्याने पिशवीतून जुनी पावलं काढली आणि मैत्रिणीच्या उंबऱ्यावर मांडली, बोटं आत करून.

"मी काय करू ह्यांचं? कोंबड्या पण खायच्या नाय."

"असू देत. मुदत संपलीय त्यांची, टाकवत नाय."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढतो. तरी मी आत्याची पिशवी उचलून चालू लागलो. थोडं खाली उतरल्यावर मागे वळून बघितलं तर एका कोंबडीने त्यातलं एक पाऊल तिरकं केलं होतं. मैत्रीण दुखरे गुडघे सांभाळत, बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत आली आणि हाताने ते सरळ करून ठेवलं, घराच्या आत येताना दिसेल असं.