अढीतली काठी

सडक्या आंब्याची मला भयंकर किळस येते. साठ वर्षं होऊन गेली, तरी तो आंबूस भपका नाकात शिरला की मी उठून बाहेर जाते. घरातले हसतात. हसू देत.

मुरबाडजवळच्या आमच्या घरी माळ्यावर अढी लागायची. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, अलगद उतरवलेले रायवळ आंबे, वर पुन्हा पेंढा. ताईचं लग्न होईपर्यंत अढी तीच बघायची. ती शेणव्याला सासरी गेली आणि आईने ते काम माझ्या गळ्यात मारलं. मी तेव्हा बारा वर्षांची. रोज सकाळी पेंढ्यात हात घालायचा, एकेक आंबा चाचपायचा आणि नासका काढून टाकायचा, नाहीतर शेजारचेही जातात.

दुसऱ्याच दिवशी माझा अंगठा एका आंब्यात थेट कोयीपर्यंत गेला. आत कोमट, बुळबुळीत, काळपट लगदा आणि देठापाशी पांढरी लव आलेली बुरशी. शी! राखेने तीनदा हात घासला तरी वास जाईना. जेवताना घास तोंडाशी नेला की ओकारी येत होती.

"एवढं काय झालं गो?" आई म्हणाली. "आंबाच हाय, मेलेला उंदीर नाय."

मला उंदीर परवडला असता. तिसऱ्या दिवसापासून मी कारवीची काठी घेतली. पेंढा सारून दुरूनच आंबे ढोसायचे. काठी रुतली की तो नासका, अडली की चांगला. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते. कच्च्या आंब्यांना तसं काही होतही नव्हतं. टोक लागलं की चिकाचा थेंब यायचा, सुकायचा आणि बारीकसा ठिपका राहायचा.

त्या अढीतली पहिली पाटी ताईकडे जायची होती. लग्नानंतरचा पहिला आंबा माहेरून पोचवायचा आणि परतताना मुलीला चार दिवस घेऊन यायचं, अशी आमच्याकडची रीत. ताईची सासू तिला पाठवायला आधीपासूनच कां कूं करत होती. बाबांनी पाड लागलेले पण अजून घट्ट असे आंबे निवडून भरले आणि पाटीवर गोणपाट शिवलं. एसटीने शहापूर, तिथे आत्याकडे दोन रात्री, मग शेणवा. पोचेपर्यंत ते बरोबर पिकणार होते.

चौथ्या दिवशी बाबा परतले ते एकटेच. आई दारात ताईची वाट बघत उभी होती.

"पाटी उघडली आन् घरभर घाण," बाबा म्हणाले. "पिकले तसे सडले. जिथंतिथं काळे डाग, बोट लावलं का पाणी. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. म्हणाल्या, असलं माहेर कशाला बघायचं? पोरगी नाय पाठवत."

"हिरव्या आंब्याला मार कळत नाय, पिकताना तिथंच सडतो," आई म्हणाली. "पन मार लागला कुठं? सगळे झेल्यानं उतरवलेले."

मी खाली मान घालून बसले.

"आन् आमची येडी," बाबांचा आवाज बसला, "त्यातलाच एक उचलून सगळ्यांसमोर खाल्ला तिनं. काळ्या डागासकट. म्हणाली, गोड हाय, बाबा."

मी परसात धावले आणि भडाभडा ओकले. तो लगदा ताईच्या तोंडात गेला होता, माझ्यामुळे. त्या दिवशी मला आंब्यापेक्षा माझीच किळस आली.

ताई दिवाळीला आली. माळ्यावर चढली तेव्हा तिला कोपऱ्यात ती काठी दिसली. टोकावर वाळलेला चीक अजून चिकटलेला होता.

"ठिपके मी तिथंच वळखले गो," ती म्हणाली. "बाबांना सांगू नको कधी."

तिने काठी मोडून चुलीत घातली. माझ्यावर रागावली नाही की पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्यानंतर तिने आंबा तोंडात घातलेला मी पाहिला नाही.