फणसाच्या सावलीचे काठ

वायर कापली की तुकडे खिशातच राहतात. घरी सदरा झटकला की बाहेर पडतात. नाटक मंडळातल्या गोष्टीही माझ्याकडे तशाच राहिल्यात. शाळेत गेलो नाय, अक्षरं उशिरा शिकलो, म्हणून सावकाश लिहितो.

पोलादपूरच्या आमच्या मंडळात मी दिवे टांगतो. प्रकाशयोजना निलेशची, तो मुंबईत काम शिकून आलाय. दिवा टांगायच्या आधीच तो लॅपटॉपवर सगळा रंगमंच उभा करतो. पडदा, अंगण, त्यावर पडलेला उजेड, सगळं चित्रात. पहिलं चित्र त्याने मोबाईलवर धाडलं, तेव्हा दिग्दर्शक मोरे गुरुजींचा मला फोन आला. "तात्या, हे आपलं नाटक आपल्या आधी कोणी केलं रे?"

*

नाटकातल्या अंगणात फणसाची सावली हवी होती. त्यासाठी दिव्यासमोर नक्षी कापलेला पत्रा लावतात, त्याला गोबो म्हणतात. निलेशने तो आधी चित्रात लावून पाहिला. पानं अशी टोकदार उमटली की गुरुजी बघतच राहिले.

"ही फणसाची पानं, की करवतीची?"

"सर, कॉम्प्युटर काठ धारदारच दाखवतो. मागाहून मऊ करावे लागतात."

"मग कर की. फणसाला काय इस्त्री केलीय?"

*

ते करायच्या आत सुमनने चित्र पाहिलं. सुमन आमच्या नाटकातली आई. मूळची वरंधकडच्या एका वाडीतली. तिचं घर दरडीखाली गेलं, सासूही गेली. त्यानंतर ती चार माणसांत बोलायला लागली ती आमच्या तालमीतच.

चित्राकडे बघून ती म्हणाली, "ही पानं नायत रे निलेश. हे तडे हायत. दरडीच्या आधी आमचं अंगण असंच फाटलं होतं."

मग तिने चपला घातल्या. "दुसरी बाई बघा, गुरुजी. या अंगणात माझा पाय पडायचा नाय."

ती गेल्यावर गुरुजींनी नाटकाची वही मिटली. "दुसरी बाई बघणार नाय," ते म्हणाले. "नाटक राहिलं तर राहू दे."

*

निलेश काठ मऊ करत बसला. स्क्रीनवर एक पट्टी असते, ती सरकवली की नक्षी विरघळत जाते. जास्त सरकली की फणसच जातो, नुसता पिवळा डाग उरतो.

"आता हे अंगण नाय," गुरुजी म्हणाले. "सांडलेलं वरण हाय."

निलेश माझ्याकडे वळला. "तात्या, तुम्ही सांगा. मऊ वाटतंय?"

"मला नको विचारूस बाबा. मोतीबिंदू हाय. मला सगळं जगच मऊ दिसतं."

कोणी हसलं नाय. निलेशने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "चला, सुमनताईंकडे जाऊ."

*

सुमनने चहा टाकला. निलेशने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "ताई, तुम्हीच सरकवा."

तिने पदराला बोट पुसून पट्टीवर ठेवलं. पानं विरली, परत आली, परत विरली. चहा उतू गेला तरी ती उठली नाय. मग बोट थांबलं.

"वारा असला की पान हलतं, तेव्हा काठ दिसत नाय. हे असं. इथंच ठेव."

"मग येशील ना गो?" मी विचारलं.

"अंगण बघून सांगते."

*

महाडच्या हॉलमध्ये प्रयोग होता. सुमन आली, तोंडाला रंग लावला, पण हो काय म्हणाली नव्हती. चित्रात होती तशी सावली येईपर्यंत मी दिव्याचं भिंग मागंपुढं करत होतो. पडदा उघडला. रंगमंचावर फणसाची सावली पडली आणि सुमन विंगेतून बाहेर आली.

सावलीपाशी येऊन ती थांबली. मग साडी जरा उचलून कडेकडेने, पाय न वाजवता पलीकडे गेली. तिच्या नवऱ्याचं काम गुरुजींकडे होतं. शेतावरून आल्यासारखे ते सरळ मधूनच यायला लागले.

सुमनने हात वर केला. आमच्या नाटकात सासूचं पात्र नाय, आणि हे वाक्यही कोणी लिहिलेलं नाय.

"अवो, तिथनं नको," ती हळू आवाजात म्हणाली. "आई निजल्यात."

गुरुजींनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि सावलीच्या कडेने गेले.