बासष्ट किलोंचे बाबा

घड्याळजीच्या हातून बाबा पडले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः कधी धड सांगायचा नाही. "जरा निसटले," एवढंच म्हणायचा आणि विषय बदलायचा. निसटायला बाबा काय स्क्रू होते? पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत नेताना, मधल्या दोन पावलांत त्याचे हात सुटले आणि बासष्ट किलोंचे बाबा फरशीवर आदळले. नशीब, हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने नुसता हात लावला की बाबा डोळे घट्ट मिटायचे आणि चांगल्या हाताने पलंगाचा कठडा धरून ठेवायचे. घड्याळजीला एकेक बोट सोडवावं लागायचं. शेवटी त्याने प्रयत्नच सोडला. नवराबायको मिळून चादरीने बाबांना सरकवायची, कुशीवर करायची, बस. खुर्ची खिडकीपाशी रिकामीच राहिली.

घर दुकानाच्या वर. खाली घड्याळं, वर बाबा. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि बाबांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं म्हणा, एका वेळी एखादा शब्द, तोही मनात आलं तर. कान मात्र शाबूत, नको इतके शाबूत. खालच्या भिंतीवरचं घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं की वरून जमिनीवर काठी आपटायची. चाळीस वर्षं त्याच टेबलाशी बसलेला माणूस, त्याला दुसरं काय ऐकू येणार? घड्याळजी मुकाट्याने उठायचा आणि काटा पुढे करायचा. बाबांची चूक निघाली असं एकदाही झालं नाही.

पडल्याचं कळलं तशी मोठी बहीण धावत आली. ताई एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे घरीसुद्धा ती उभं राहूनच बोलते.

"हात बघ तुझे," ती म्हणाली. "चिमटा धरायचे हात आहेत ते. परत पाडलंस तर?"

"नाही पाडणार, ताई."

"कशावरून?"

त्याने अडचणी मांडल्या. बायकोच्या कमरेत आधीच चमक भरलेली. कामाला दोन माणसं ठेवून पाहिली, त्यातल्या एकाला बाबा चावले आणि ते ऐकून दुसरा आलाच नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं, मग डोळे पुसले आणि निकाल दिला. तीन महिन्यांनी सुट्टीत ती परत येणार. तिच्यासमोर त्याने एकट्याने बाबांना उचलून खुर्चीत बसवलं तर ठीक, नाहीतर बाबांना आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं. नाव ती नोंदवून ठेवणार होती. स्वच्छ जागा आहे, शांत आहे, म्हणाली. शांत! घड्याळजीच्या डोळ्यासमोर ती खोली उभी राहिली, जिथे एकही घड्याळ टिकटिकत नाही आणि बाबा छताकडे बघत पडलेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताईचं काही चुकलं नव्हतं, हे त्याला कळत होतं.

त्याच आठवड्यात क्रेनबाई दुकानात आल्या. खरं नाव असेल काहीतरी, पण बंदरावर त्यांनी वीस वर्षं क्रेन चालवली होती आणि सगळी वस्ती त्यांना त्याच नावाने हाक मारायची. मनगट एवढं जाड की दोन पट्टे जोडल्याशिवाय घड्याळ बसायचं नाही. निवृत्त झाल्यावर टायरच्या जुन्या गोदामात त्या स्ट्राँगमनचे वर्ग घ्यायच्या. दगडी गोळे, ओंडके, पोती, ट्रकचे टायर, जे म्हणून सरळ उचलता येत नाही ते सगळं तिथे होतं.

घड्याळजीने पट्टा लावून दिला आणि मान खाली घालून विचारलं, "माणूस उचलायला शिकवता का हो?"

"माणूस सोडून सगळं," क्रेनबाई म्हणाल्या. "पण पोतं जमलं की माणूस जमतो. पोतं ओरडत नाही, एवढाच फरक."

पहिल्या दिवशी तो नवे कोरे बूट घालून गेला. गादीसारख्या मऊ तळव्यांवर उभं राहून वजन उचलतात का, असं म्हणून क्रेनबाईंनी ते दारातच काढायला लावले. आत पाववाला टायर उलटवत होता आणि टपालवाटप करणारी एक किडकिडीत बाई डोक्यावर ओंडका धरून शांतपणे उभी होती. घड्याळजीच्या मोज्याला भोक होतं. सगळे आपल्या अंगठ्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. कुणीही बघत नव्हतं, पण हे त्याला कोण पटवणार?

समोर वीस किलोंचं वाळूचं पोतं आलं. तो वाकला आणि त्याने पोत्याची दोन टोकं बोटांनी धरली.

"चिमटीत काय धरतोस?" क्रेनबाई गरजल्या. "मीठ घालायचंय का कशात? हात खालून घाल. मिठी मार त्याला. तुझ्या नात्यातलं कुणीतरी आहे असं समज."

झाली पंचाईत. नात्यातल्या कुणाला त्याने कधी मिठी मारली होती? त्यांच्या घरात मायासुद्धा चिमट्याने द्यायची रीत. बाबांनी उभ्या आयुष्यात एकदा त्याच्या पाठीवर थाप मारली होती, तीसुद्धा त्याला ठसका लागला म्हणून. त्याने संकोचत पोत्याला कवेत घेतलं आणि कसंबसं उचललं. घरी आला तेव्हा जिना चढताना तो मध्येच पायरीवर बसला, आणि तरी तो बायकोला "काही विशेष नाही" म्हणाला.

मग तो आठवड्यातून तीनदा जायला लागला. पंचवीस झाले, तीस झाले. पण एक भानगड त्याच्या लक्षातच आली नव्हती. पोती उचलल्यावर हात थरथरायचे, आणि थरथरत्या हाताने घड्याळ उघडायचं म्हणजे धडगत नाही. एका म्हातारीच्या घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यातून उडाली, ती शोधायला तो दीड तास जमिनीवर रांगला. बाबांसाठी हात कमवावेत तर हातातलं काम जातंय, आणि काम सांभाळावं तर बाबा जातात. दुपारी जेवता जेवता तो भिंतीवरच्या तारखा मोजायचा. बायको म्हणायची, "अहो, घास तरी गिळा आधी."

चाळीसवर गाडी अडली ती अडलीच. दोन महिने होऊन गेले तरी चाळीसच्या पुढे पोतं छातीपर्यंत यायचंच नाही. गुडघ्यापर्यंत आलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि हात आपोआप सुटायचे, अगदी त्या दिवशी सुटले तसेच. पोतं धप्पकन पडलं की तो दचकायचा आणि पटकन खाली बघायचा. कुणाला लागलं तर नाही? वाळू असते ती, हे त्याला माहीत होतं. तरी बघायचा.

घरीसुद्धा त्याने जुन्या गादीच्या खोळीत वाळू भरली आणि ते पोतं बाबांच्या पलंगाशेजारी ठेवलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे त्याची झटापट चालायची. बाबा डोळे मिटून पडलेले असायचे. त्यांना बघवत नाही, असं त्याने मनाशी धरलं. पोराच्या हातून पडायचं म्हणजे काय ते एकदा भोगलं, आता रोज कशाला बघतील?

ताई यायला दहा दिवस राहिले होते. त्या दिवशी क्रेनबाई त्याच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि बघायचं सोडून कान देऊन ऐकायला लागल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "उचलायच्या आधी तू काय करतोस?"

"काही नाही."

"फुस्स करतोस. सगळी हवा सोडतोस आणि मग वाकतोस. कुणी शिकवलं तुला हे?"

कुणी म्हणजे? बाबांनी! बारा वर्षांचा असताना बाबांनी त्याला टेबलाशी बसवलं आणि त्याच्या नाकासमोर कापसाचा एवढासा पुंजका ठेवला. पुंजका हलला की त्या दिवशी घड्याळाला हात लावायचा नाही. "श्वास सोड, मग हात लाव." छाती भरलेली असली की हात हलतो, आणि नुसत्या उच्छ्वासाने स्क्रू उडून जातो. तीस वर्षांत ते इतकं अंगात मुरलं होतं, की एखादी वस्तू हातून पडेल अशी भीती वाटली रे वाटली, की तो आधी श्वास सोडून मोकळा व्हायचा. आणि बाबांना उचलताना तर किती भ्यायला होता तो! म्हणजे तेव्हाही हेच झालं होतं.

"अरे, रिकामं खोकं लगेच चेपतं," क्रेनबाई म्हणाल्या. "इथे उलटं आहे सगळं. पोटात श्वास भर, दाबून धर, उचल, नेऊन ठेव. मग सोड. भर, दाब, उचल. म्हण बघू."

त्याच दिवशी पंचेचाळीस उचललं गेलं. चार दिवसांनी पन्नास. पण साठ मात्र तीनदा उचलायला गेलं तर एकदाच यायचं, आणि ते एकदा नेमकं कधी येईल याचा भरवसा नव्हता. सवय मोठी चिवट. मन शांत असलं की तो श्वास भरायचा, घाबरला की सोडायचा. म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच नेमका दगा! घरी बाबांशेजारी तो पुटपुटत राहायचा, "भर, दाब, उचल. भर, दाब, उचल." बाबांचे डोळे मिटलेलेच.

ताई आली. पर्समध्ये संस्थेचा अर्ज होता, तो तिने लपवला नाही. "मलाही आनंद नाही होत रे," ती म्हणाली. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी राहिली. बायको दारात पदर तोंडाशी धरून. घड्याळजीने बूट काढले, मोजे काढले. बाबांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि कठडा धरला.

तो वाकला. एक हात बाबांच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. बाबांना इतकं जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या दाढीचे खुंट त्याच्या गालाला टोचले. हे पोतं नव्हतं. हे ऊबदार होतं, ह्याला हाडं होती, हे मोडू शकत होतं. त्याला ताईचे पाय दिसले, फरशी दिसली, त्या दिवशीचीच फरशी.

तेवढ्यात बाबा बोलले. अगदी कानाशी.

"सोडलास."

तीन महिन्यांत बाबांनी त्याला एक शब्द ऐकवला नव्हता, आणि आता, सगळ्यांसमोर, हा शब्द? खरंच होतं ते. त्या दिवशी हात सोडलाच होता त्याने. "बाबा," तो कसाबसा म्हणाला. "चुकलो हो मी. मुद्दाम नाही सोडलं. माझे हात..."

"छे!" बाबांनी डोळे उघडले. टेबलाशी चूक सापडली की ते असेच वैतागायचे. चांगल्या हाताने कठडा सोडला आणि त्याच्या छातीवर दोनदा बोट आपटलं. "श्वास. श्वास सोडलास." जड जिभेने पुढचा शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "भर."

म्हणजे बाबा ऐकत होते. रोज सकाळी, मिटल्या डोळ्यांनी, ते त्याचा श्वास ऐकत होते. ज्याने सोडायला शिकवलं, तोच आता भरायला सांगत होता.

घड्याळजीने श्वास भरला, पार पोटापर्यंत. दाबून धरला. बाबांनी हात कठड्याकडे परत नेला नाही, त्याच्या मानेभोवती टाकला. तो उठला. पहिलं पाऊल. दुसरं पाऊल, जिथे त्या दिवशी हात सुटले होते. त्याने सावकाश गुडघे वाकवले आणि बासष्ट किलोंचे बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

ताई खुर्चीकडे बघत राहिली आणि मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. घड्याळजी तसाच वाकलेला, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, दोन्ही हात अजून बाबांभोवती.

"आता सोड," बाबा म्हणाले. "बसलो मी."

त्याने श्वास सोडला. हात मात्र त्याने लगेच सोडले नाहीत, आणि बाबांनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.