झुंगाराचा नमस्कार

तोकिजीचा धंदा घरं मोडायचा. अंगावर रबराचा राक्षस चढवायचा आणि लाकडा-प्लास्टरच्या चिमुकल्या तोक्योवरून चालत जायचं. पडद्यावर त्याचं नाव झुंगारा. पहिला सिनेमा तुफान चालला होता, म्हणून स्टुडिओने शिळ्या कढीला ऊत आणून दुसरा काढायला घेतला होता.

त्याचे वडील जिनपाची, जातिवंत सुतार. युद्धात जळालेली आपली वस्ती त्यांनी हातांनी पुन्हा उभी केलेली. मुलाचा धंदा त्यांना कधीच पचला नाही. "मी बांधायचं आणि यानं तुडवायचं! वर लोक टाळ्याही वाजवतात!" असं ते सुनेला, फुमिएला, जेवताना हटकून ऐकवत. मुलाचा एकही सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. आता तोकिजीची पाठ कामातून गेली होती आणि हा त्याचा शेवटचा झुंगारा होता. बाबांनी आपल्याला एकदा पडद्यावर पाहावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. पण बोलायची छाती नव्हती. शहर पायाखाली घेणारा हा राक्षस बापापुढे मांजर व्हायचा.

शेवटचं दृश्य जुन्या वस्तीचं होतं. तोकिजीला पोशाखात चढवलं, पाठीची चेन ओढली, आणि बाहेरचं जग दूर गेलं. आत फक्त रबराचा वास, स्वतःचा श्वास आणि राक्षसाच्या गळ्यातलं एक छोटं भोक. त्या भोकातून त्याने पाहिलं तर समोर संध्याकाळ झाली होती. खिडक्यांत दिवे लागले होते. सार्वजनिक स्नानगृहाच्या धुराड्यातून खरा धूर निघत होता. तोफूवाल्याचं दुकान होतं, आणि त्याला लागून एक सुताराचं घर, दाराशी फळ्या टेकवलेल्या. त्याच्या लहानपणची गल्लीच जणू कुणीतरी गुडघ्याएवढी करून ठेवली होती.

घामाने डोळे चुरचुरत होते, डोकं हलकं झालं होतं. पाण्याखाली चालावं तसा तो चालत गेला. त्या घरात बाबा असतील, असं त्याला खरंच वाटलं. जुनं घर उतरवण्याआधी बाबा काय करायचे तेही आठवलं. चार कोपऱ्यांवर मीठ टाकायचे, थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायचे, मग कमरेत वाकून म्हणायचे, "इतकी वर्षं माणसं सांभाळलीस. आता रजा दे." त्यानंतरच पहिला खिळा निघायचा.

झुंगारा त्या घरापुढे थांबला. कमरेत वाकला. मग सावकाश पाय उचलला आणि गल्ली तुडवून टाकली.

"कट!" दिग्दर्शक कुसाका ओरडले. "अरे, तू राक्षस आहेस की पाहुणा? आता चपला काढून आत जाणार होतास का?"

सगळा सेट हसला. रबराच्या आत तोकिजी शरमेने लाल झाला. पण गल्लीचा भुगा झाला होता, नव्या वर्षाच्या सुट्टीत सिनेमा लागायचा होता, पुन्हा बांधायला वेळ कुठला? नमस्कार सिनेमात तसाच राहिला.

सिनेमा तसा गमतीचाच झाला. विमानांच्या तारा दिसत होत्या. अगारची जेली ओतून केलेला समुद्र ताटातल्या खरवसासारखा थरथरत होता. राक्षस वळला की पाठीची चेन चमकायची. वर्तमानपत्रांनी 'सभ्य राक्षस' म्हणून टर उडवली. पोरं मात्र खूश! गल्लीगल्लीत वाळूची घरं लाथाडण्याआधी ती वाकून नमस्कार करू लागली. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हाच बरा, निदान याला घरची शिकवण तरी होती.

नव्या वर्षाच्या सुट्टीत फुमिए सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, सिनेमाला चला ना माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटते."

"कुणाची? नवऱ्याची?" असं म्हणत म्हातारा टोपी घालून निघाला.

तोकिजी त्यांच्या मागच्या रांगेत बसला. थिएटरात संत्र्यांचा आणि भाजलेल्या माकूळ मासळीचा वास भरला होता. पडद्यावर ती गल्ली आली, दिव्यांची, धुराची, स्वप्नातल्यासारखी संथ. झुंगारा थांबला, वाकला. थिएटर खो खो हसलं. बाबांचा संत्रं सोलणारा हात मात्र तिथेच थांबला, आणि सिनेमा संपेपर्यंत ते फळ तसंच अर्धं सोललेलं राहिलं. तोकिजीला मागून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. इतकी भीती त्याला पहिल्या सिनेमात अंगावरचा पोशाख पेटला होता तेव्हाही वाटली नव्हती.

परतताना बाबा पुढे चालत होते. घराच्या वळणावर ते थांबले.

"मीठ टाकलं नाहीस," ते म्हणाले.

तोकिजीने दोन्ही हात पुढे केले. "पंजे होते, बाबा. चिमटीत कसं धरणार?"

"मूठ तर होती ना, गाढवा! मूठभर टाकायचं." बाबांनी ते अर्धं सोललेलं संत्रं त्याच्या हातात ठेवलं. "पुढच्या वेळी विसरू नकोस."

पुढची वेळ नव्हती. फुमिएने नवऱ्याकडे पाहिलं.

तोकिजी दुखऱ्या कमरेत पार खालपर्यंत वाकला. "नाही विसरणार, बाबा," तो म्हणाला.