काळूच्या गळ्यातली टोपली

मंडळी, मी कॉलेज सोडल्यापासून माझ्या मनात भरलेल्या शांताचे वडील, आप्पा, मला दारात उभं करत नव्हते. तरी आज त्यांच्या गावी, पाटसला गेलोच. त्यांच्या काळू कुत्र्याच्या पायाला ऊसतोडीत कोयता लागलाय आणि तो जखम सारखी चाटतोय.

"चाटू दे, जिभेनंच भरती," आप्पा म्हणाले.

"न्हाई, चिघळंल!" मी भडकलो आणि बैलाचं मुसकं काळूच्या तोंडाला बांधलं. तो जाळीतूनही चाटायला लागला!

शांता हसली, "कॉलेज सोडून हेच शिकलात व्हय?"

मग मी जुन्या टोपलीचं बूड कापून ती काळूच्या गळ्यात अडकवली. आता जीभ पायापर्यंत पोचेना.

आप्पा गुरगुरले, "मग जखम भरेपर्यंत रोज येऊन तूच बघ."

रोज! खरं सांगा मंडळी, जखम भरायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात?