साहेब येणार त्या दिवशी

तपासणी जवळ आली की आमच्या शाळेत दोन कामं ठरलेली. शिपाई तक्त्यांवरची धूळ झटकतो आणि मुख्याध्यापक वाचनात कच्च्या असलेल्या पोरांच्या घरी निरोप धाडतात, 'उद्या मोठे साहेब येणार आहेत हं.' गावातल्या आयांना एवढं पुरतं. त्या दिवशी पोर घरी राहतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शिकवायला कमी पडलो आपण, आणि लपवायचं पोरांना.

मी पंचवटीतून रोज स्कूटीवर इथे शिकवायला येते. चहूकडे द्राक्षबागा. दिवाळीनंतर सुरगाण्याकडची कुटुंबं बागेच्या कामाला येतात आणि बांधावर ताडपत्रीच्या झोपड्या टाकून राहतात. त्यांतली एक पोर गेल्या हंगामात माझ्या तिसरीत बसायला लागली. तिची दरवर्षी अर्धी शाळा तिकडे व्हायची आणि उरलेली कुठेच नाही, त्यामुळे अक्षरओळख जेमतेम. पण चिकाटी अशी, की मधल्या सुट्टीतही पुस्तक घेऊन माझ्या मागे मागे. संक्रांत आली तोवर ती बोट ठेवून वाचू लागली होती.

तिच्या आईलाही तो निरोप गेला. तिला बिचारीला आमचा रिवाज कुठला ठाऊक? त्यांच्या पाड्यावर साहेब येणार म्हटलं की सगळ्यांनी नीटनेटकं होऊन समोर जायचं. तिने पोरीला न्हाऊ घातलं, तेल चोपडून वेण्या घातल्या, ठेवणीतला फ्रॉक चढवला आणि वेळेआधीच शाळेत धाडलं.

वर्गात ती दिसेना. खिचडी करणाऱ्या मावशींनी मला हळूच सांगितलं, मुख्याध्यापकांनी तिला फाटकातूनच खिचडीच्या खोलीत नेऊन बसवलंय, साहेब जाईपर्यंत बाहेर यायचं नाही म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक ऑफिसात गेले. साहेबांची गाडी तेव्हा फाटकात वळत होती.

मुख्याध्यापक समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, चार दिवसांची पाहुणी ती. तिच्यापायी शाळेचं नाव घालवायचं का?"

"सर, पाहुणीला आपल्यात पाटावर बसवतात. चुलीमागे नाही."

एवढं बोलून मी तशीच खिचडीच्या खोलीकडे गेले. पोर तांदळाच्या गोणीला टेकून बसली होती, फ्रॉक चुरगळू नये म्हणून पाय पोटाशी घेऊन. तिचा हात धरला आणि पहिल्या बाकावर आणून बसवलं.

साहेब आले. मी मुद्दाम तिलाच उभं केलं. तिने अडखळत, बोट सरकवत, एक अख्खा परिच्छेद वाचला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, "छान" म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले. बस्स, एवढंच! आभाळ कोसळलं नाही की शाळेचं नाव गेलं नाही. एवढ्यासाठी आम्ही इतकी वर्षं पोरं दडवत होतो? जनाची नाही, मनाची तरी!

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होते. ती रोजच्या विटक्या फ्रॉकमध्ये उंबऱ्याबाहेर उभी. मी म्हटलं, ये की गं आत. ती हलली नाही. आधी तिने व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं.

"बाई, आज साहेब नाय ना? मंग बसू का आत?"

वाचायला शिकायला तिला संक्रांत उजाडली होती. हे मात्र तिला आम्ही एका सकाळीत शिकवलं.